वाघांची खतावणी

मागच्या हिवाळ्यात माझी धाकटी बहीण आपल्या अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन अमेरिकेहून आली आणि आठ दिवस भिलाईला आमच्याकडे राहिली. भिलाईत पाहुण्यांना दाखवण्याजोगी स्थळे मोजकीच. एक पोलाद कारखाना, ज्यासाठी आधी परवानगी काढावी लागते; आणि दुसरे मैत्रीबाग, जिथे तिकीट काढले की झाले. साहजिकच आम्ही मैत्रीबागेत गेलो. भाची पांढऱ्या वाघासमोर बराच वेळ उभी राहिली आणि मग तिने विचारले, "मामा, हा कुठल्या जंगलातला?"

"कुठल्याच नाही. हा पिंजऱ्यातच जन्मला," मी म्हणालो.

"मग इथल्या जंगलात वाघ किती आहेत?"

आकडेवारीत आयुष्य गेलेल्या माणसाला असा प्रश्न आवडतो. मी सांगितले की २०२२ च्या गणनेत संपूर्ण छत्तीसगढ राज्यात १७ वाघ असल्याचा अंदाज निघाला. तिचा पुढचा प्रश्न होता, "आणि आधी किती होते?" येथे मात्र मी अडखळलो. 'आधी' म्हणजे कोणत्या वहीतले आधी? इथल्या वाघांची मोजणी कोणी, केव्हा आणि मुख्य म्हणजे कशासाठी केली, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ येत नाही. तिला तेव्हा जे सांगता आले नाही ते या लेखात मांडण्याचा प्रयत्न करतो.

आधी त्या पांढऱ्या वाघाविषयी थोडेसे. मैत्रीबाग १९७२ सालची. भिलाई पोलाद कारखान्याने भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून ती उभारली. येथे जन्मलेले पांढरे बछडे देशातील इतर प्राणिसंग्रहालयांतही गेले आहेत. बंदिवासातील पांढऱ्या वाघांच्या घराण्याचे मूळ शोधू गेल्यास आपण १९५१ सालच्या रीवा संस्थानात पोहोचतो. महाराजा मार्तंडसिंह यांनी त्या वर्षी एक पांढरा बछडा पकडला आणि गोविंदगढच्या वाड्यात वाढवला. त्याचे नाव मोहन. पांढरा रंग पुढच्या पिढीत यावा म्हणून त्याचा संयोग त्याच्याच मुलीशी, राधाशी, घडवून आणला गेला आणि १९५८ मध्ये चार पांढरे बछडे जन्मले. पुढची पैदासही अशीच जवळच्या नात्यांतून होत गेली. पांढरा वाघ ही वेगळी जात नव्हे. एका जनुकातील फरकामुळे त्याला तो रंग येतो, हे २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी निश्चित केले. पिंजऱ्यातल्या वाघांची संख्या वाढवणे तसे सोपे असते. तिचा जंगलातल्या वाघांच्या खतावणीशी काही संबंध नाही.

आता त्या खतावणीकडे वळू. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या अनेक वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, पण हा सारा मुलूख एके काळी नागपूरच्या दप्तरात होता. अठराव्या शतकात बिंबाजी भोसले रतनपूरहून येथला कारभार पाहत. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला आणि १९०६ मध्ये दुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला. सरगुजा, कोरिया, बस्तर ही संस्थाने १९४८ मध्ये या प्रांतात विलीन झाली. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत या सगळ्याची राजधानी नागपूर होती. तेव्हा येथील वाघांचा पहिला सरकारी हिशेब नागपूरच्या सचिवालयातील फायलींत होता, असे म्हणायला हरकत नाही.

तो हिशेब कसला होता? इंग्रजी अमलात वाघाची नोंद साप, लांडगे आणि बिबटे यांच्या रांगेत होत असे. किती माणसे मेली, किती गुरे मेली, किती हिंस्र प्राणी मारले गेले आणि त्यांच्यासाठी किती बक्षीस वाटले, असे रकाने असत. जंगलात जिवंत वाघ किती उरले, याला रकानाच नव्हता. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. सरकारला शेतसारा हवा होता, शेतसाऱ्यासाठी लागवड हवी होती आणि लागवडीच्या वाटेत वाघ उभा होता. त्यामुळे वाघ कायम खर्चाच्या बाजूला मांडला गेला. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अभ्यासानुसार १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात ८० हजारांहून अधिक वाघ मारले गेले.

गंमत अशी की त्याच सरकारने १८६४ मध्ये वन खाते स्थापन केले आणि १८७८ च्या कायद्याने राखीव जंगले निर्माण केली. उद्देश होता इमारती लाकूड आणि रेल्वेचे स्लीपर. छत्तीसगढ आणि मंडला भागातील सालवने त्यामुळे पुष्कळशी टिकली आणि त्यांच्या आडोशाने वाघही टिकला. एका खात्याने वाघ मारण्यासाठी पैसे दिले आणि दुसऱ्याने नकळत त्याचे घर राखले. प्रशासनात असे अनेकदा घडते. केवळ त्याचे श्रेय कुणाला घेता येत नाही.

संस्थानांची तऱ्हा निराळी. तेथे वाघ हा मानाचा हिशेब होता. सरगुजाच्या महाराजांनी आपण ११५० वाघ मारल्याचे कळवले होते. कान्हाच्या जंगलात संशोधन करणाऱ्या जॉर्ज शॅलर यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ही नोंद केली आहे. कोरियाचे महाराज रामानुज प्रताप सिंहदेव यांचे नाव वेगळ्या कारणाने इतिहासात राहिले. १९४७ मध्ये एका रात्री मोटारीच्या दिव्यांच्या उजेडात त्यांनी तीन चित्ते टिपले. भारतातील चित्त्याची ही शेवटची खात्रीलायक नोंद मानली जाते आणि ती मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापली गेली. १९५२ मध्ये चित्ता भारतातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. म्हणजे आज ज्याला आपण छत्तीसगढ म्हणतो त्या राज्याच्या उत्तर टोकाला एका जातीचा हिशेब कायमचा बंद झाला, आणि शेजारच्याच संस्थानात दुसऱ्या जातीच्या हजाराहून अधिक प्राण्यांची वजाबाकी झाली.

स्वातंत्र्यानंतर वाघाला लगेच अभय मिळाले असे नाही. परवाने घेऊन परदेशी पाहुण्यांना वाघाची शिकार घडवून आणणाऱ्या कंपन्या मध्य भारतात वीस-बावीस वर्षे चालल्या. त्यातून परकीय चलन मिळे. एवढाच फरक झाला की वाघ खर्चाच्या रकान्यातून जमेच्या रकान्यात आला, पण तोही मेल्यावर. १९६९ मध्ये दिल्लीत भरलेल्या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या अधिवेशनात वाघाच्या स्थितीविषयी गंभीर इशारा दिला गेला. १९७० मध्ये शिकारीवर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. कैलाश सांखला त्याचे पहिले संचालक. आरंभीच्या नऊ क्षेत्रांत आपले मेळघाट आणि छत्तीसगढच्या सीमेवरचे कान्हा ही दोन्ही होती. जिवंत वाघ मोजण्याची पहिली देशव्यापी खटपटही याच काळातली. १९७२ मध्ये आकडा निघाला १८२७.

ही मोजणी पावलांच्या ठशांवरून होत असे. वनरक्षकांनी पाणवठ्यांच्या आणि वाटांच्या मातीत उमटलेला वाघाच्या मागच्या डाव्या पावलाचा ठसा शोधायचा, त्यावर काच ठेवून आकार उतरवायचा आणि मग कार्यालयात बसून कोणता ठसा कोणत्या वाघाचा हे ठरवायचे. अनुभवी माणसाच्या हातात ही पद्धत उपयोगी होती, यात शंका नाही. पण माती ओली की कोरडी, जनावर चालत होते की पळत होते, यावर एकाच पावलाचा ठसा निरनिराळा उमटतो. शिवाय मोजणारा आणि राखणारा एकच होता. आकडा वाढला तर शाबासकी. कमी झाला तर स्पष्टीकरण.

येथे एक कबुली द्यायला हवी. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका कार्यालयात असताना वार्षिक प्रगतीचा तक्ता माझ्या सहीसाठी आला. त्यातील एक आकडा मला फुगवलेला वाटला आणि मी विचारणा केली. तेथील वयोवृद्ध हेडक्लार्क शांतपणे म्हणाले, "साहेब, मागच्या वर्षीपेक्षा कमी दाखवले तर वरून पत्र येते. थोडे जास्त दाखवले तर कुणी विचारत नाही." मी सही केली. त्या आकड्यामुळे कुणाचा जीव गेला नसेल. पण पुढे सरिस्काची हकीकत वाचली तेव्हा मला तो तक्ता आठवला.

व्याघ्रगणनेचे आकडे चढत गेले. १९८९ मध्ये ४३३४ वाघ जाहीर झाले. २००१-०२ मध्ये ३६४२. मग २००४-०५ च्या सुमारास राजस्थानातील सरिस्का व्याघ्रप्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले. कागदावर मात्र ते होते. पंतप्रधानांनी नेमलेल्या, सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखालील व्याघ्र कृती दलाने २००५ मध्ये अहवाल दिला. २००६ मध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण कायद्याने अस्तित्वात आले आणि ठशांची पद्धत मोडीत निघाली. नव्या पद्धतीने २००६ चा अंदाज निघाला तो १४११. चार-पाच वर्षांत दोन हजारांवर वाघ मेले, असा याचा अर्थ नव्हे. त्यातील बरेचसे कागदावरच जन्मले होते. सरगुजाच्या एका माणसाचा ११५० हा आकडा आणि साऱ्या देशाचा १४११ हा आकडा शेजारी ठेवून पाहिले म्हणजे, आपण किती उशिरा खरे मोजायला लागलो ते कळते.

नव्या पद्धतीचा पाया साधा आहे. दोन वाघांचे पट्टे कधीही सारखे नसतात. जंगलातील वाटांवर दोन्ही बाजूंना स्वयंचलित कॅमेरे लावायचे, मिळालेली छायाचित्रे पट्ट्यांवरून जुळवायची आणि तोच वाघ पुन्हा किती वेळा दिसला यावरून न दिसलेल्यांचा अंदाज संख्याशास्त्राने बांधायचा. कर्नाटकात नागरहोळे येथे उल्लास कारंत यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी ही पद्धत वापरून दाखवली होती. सरकारने ती देशभर स्वीकारायला दीड दशक घेतले. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत आज या छायाचित्रांचा संग्रह आहे आणि त्यातून एखाद्या वाघाची ओळख हजार मैलांवरूनही पटू शकते.

आता या खऱ्या वहीत डोकावू. महाराष्ट्रात २००६ मध्ये १०३ वाघ होते. २०१४ मध्ये १९०. २०२२ मध्ये ४४४. छत्तीसगढमध्ये २००६ मध्ये २६, २०१४ मध्ये ४६, २०१८ मध्ये १९ आणि २०२२ मध्ये १७. दोन राज्ये शेजारी, जंगल एकसलग, आणि जंगलाचा वाटा तर छत्तीसगढचा कितीतरी मोठा. मग असे का?

याचे उत्तर मुद्दल आणि व्याज या भाषेत सांगता येते. वाघिणीचा गर्भकाळ साधारण साडेतीन महिन्यांचा. एका वेळी दोन ते चार बछडे होतात आणि सुमारे दोन वर्षे ते आईबरोबर राहतात. पोटाला मिळत असेल तर वाघाची संख्या वाढायला वेळ लागत नाही. पण एका प्रौढ वाघाला वर्षाला सुमारे ५० चितळ-सांबरांएवढी मोठी जनावरे लागतात. आणि कळप न घटता दरवर्षी ५० मिळायची असतील तर जंगलात सुमारे ५०० असावी लागतात, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. पाचशे हे मुद्दल, पन्नास हे व्याज. छत्तीसगढच्या अनेक जंगलांत झाडे उभी आहेत, पण हे मुद्दल फास्यांनी, विजेच्या तारांनी आणि वर्षानुवर्षांच्या शिकारीने संपत आले आहे. २०२२ च्या राष्ट्रीय अहवालानेही या भागातील भक्ष्याच्या तुटवड्यावर बोट ठेवले. बिजापूर जिल्ह्यातील इंद्रावती १९८३ पासून व्याघ्रप्रकल्प आहे, पण नक्षली हिंसाचारामुळे २००६ मध्ये तेथे मोजणीच होऊ शकली नाही. अचानकमार आणि उदंती-सीतानदी यांना २००९ मध्ये दर्जा मिळाला. कान्हाला लागून असलेल्या भोरमदेवला तो देण्याचा विचार राज्याने २०१८ मध्ये सोडला. नोव्हेंबर २०२४ मध्ये गुरू घासीदास-तमोर पिंगला हा देशातील ५६ वा व्याघ्रप्रकल्प झाला. त्याचा मोठा भाग त्याच जुन्या कोरिया संस्थानात येतो, हे मला विशेष वाटते.

परंतु प्रकल्प जाहीर केल्याने वाघ येत नाही. तो चालत यावा लागतो. येथे महाराष्ट्राचा संबंध पुन्हा येतो. आम्ही भिलाईकर नागपूरला जातो तो रस्ता दुर्ग, राजनांदगाव, बागनदी, देवरी, साकोली, भंडारा असा. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ६, आताचा ५३. देवरी सोडल्यावर कोहमाऱ्याच्या आसपास उत्तरेला नागझिरा आणि दक्षिणेला नवेगाव. व्यंकटेश माडगूळकरांमुळे एक आणि मारुती चितमपल्लींमुळे दुसरे, अशी ही दोन्ही जंगले मराठी वाचकाला घरबसल्या ठाऊक आहेत. २०१३ मध्ये दोहोंचा मिळून एक व्याघ्रप्रकल्प झाला, पण कागदावर एक झालेल्या जंगलातून हा महामार्ग मात्र तसाच जातो. कान्हा, नागझिरा-नवेगाव, ताडोबा आणि इंद्रावती यांना जोडणारी वाघांची वाट याच पट्ट्यातून आहे.

तरुण नर वाघाला आईचे क्षेत्र सोडून स्वतःचे शोधावे लागते. नागझिऱ्यात जन्मलेला 'जय' २०१३ मध्ये शंभराहून अधिक किलोमीटर चालून उमरेड-कऱ्हांडल्याला गेला आणि २०१६ मध्ये दिसेनासा झाला. नोव्हेंबर २०१८ मध्ये चंद्रपूरजवळ रेल्वेखाली तीन बछडे मेले. आणि २०२३ मध्ये ओडिशातील गजपती जिल्ह्याच्या महेंद्रगिरीच्या जंगलात एका वाघाचे छायाचित्र मिळाले. पट्टे जुळवून पाहता तो चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरीचा निघाला. छत्तीसगढमार्गे सुमारे दोन हजार किलोमीटर तो चालून गेला होता. त्याला या सबंध वाटेत थांबावेसे वाटेल अशी जागा मिळाली नाही, असा याचा अर्थ मी घेतो.

दुसरी बाजू विसरून चालणार नाही. महाराष्ट्राच्या ४४४ या आकड्याची किंमत चंद्रपूर-गडचिरोलीतील तेंदू आणि मोहफुले वेचणारी माणसे देत आहेत. दरवर्षी तेथे वाघांच्या हल्ल्यात माणसे मरतात. मृताच्या वारसांना महाराष्ट्रात २०२३ पासून २५ लाख रुपये मिळतात. घरातले गेलेले माणूस त्याने परत येत नाही. व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यातून उठणाऱ्या कुटुंबाला मिळणारी रक्कम २००८ मध्ये १० लाख आणि २०२१ मध्ये १५ लाख झाली. गोंड आणि बैगा कुटुंबांना ही रक्कम पुरेशी आहे का, हा प्रश्न दिल्लीत किंवा न्यू जर्सीत बसून वाघासाठी हळहळणाऱ्या आपण सर्वांनी स्वतःला विचारायला हवा. ब्रह्मपुरीत वाघांची दाटी आणि दीडशे किलोमीटरवर रिकामे जंगल, हे वाघांच्या आणि माणसांच्या दोघांच्याही हिताचे नाही. वाट मोकळी असेल आणि पुढच्या जंगलात मुद्दल शिल्लक असेल, तर दाटी आपोआप विरळ होऊ शकेल.

म्हणून मला प्रशासक म्हणून एवढेच सुचवावेसे वाटते की राज्यनिहाय आकड्यांवर शाबासकी वाटणे आपण थांबवावे. वन्यजीव संस्थेने आणि प्राधिकरणाने देशातील ३२ प्रमुख संचारमार्ग दाखवून दिले आहेत. त्या मार्गांची स्थिती, तेथील हरणांची संख्या आणि तेथल्या गावांचे नुकसान व भरपाईला लागलेला वेळ, यांचे रकाने वाघांच्या रकान्याशेजारी असावेत. सरकारी यंत्रणा ज्याचा तक्ता मागितला जातो तेच काम करते, हे तीस वर्षांत मी पुरेसे पाहिले आहे. आणि हा प्रश्न केवळ वाघाचा नाही. भिलाईच्या कारखान्याला जे पाणी मिळते त्यातले काही गंगरेल धरणाचे, म्हणजे महानदीचे. ती नदी सिहावाच्या डोंगरात उगम पावते आणि सीतानदीचे जंगल त्याच पाणलोटात आहे. आमच्या पोलादाच्या ताळेबंदात त्या जंगलाची नोंद मी अजून पाहिलेली नाही.

बहिणीचे परतीचे विमान नागपूरहून होते. मी त्यांना मोटारीने सोडायला गेलो. कोहमारा येईपर्यंत संध्याकाळ झाली होती. रस्त्यावर ट्रकांची रांग होती. भाचीला मी त्या ओडिशाला गेलेल्या वाघाची हकीकत सांगितली. ती थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली आणि म्हणाली, "मामा, मग त्याला कुठल्या राज्यात मोजला?"

मी म्हणालो, "जिथे त्याचा फोटो निघाला तिथे."

"आणि मधे तो जिथून चालत गेला तिथे?"

त्या राज्याच्या वहीत त्याच्यासाठी रकाना नाही, असे मी तिला सांगितले.